चिठ्ठी लावलेले खडू

वसतिगृह,
१४ जुलै

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं पत्र रडकं आलं तर परत पाठवीन, अशी तंबी तू दिली होतीस, म्हणून हे हसतमुखाने लिहायला बसलो आहे. खोली बरी आहे. खिडकीतून पाण्याची टाकी आणि अर्धी सायकल दिसते. उरलेली अर्धी सायकल कोणाची आहे आणि कुठे आहे, याचा मी अजून शोध घेतोय.

प्रयोगशाळा मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली आहे. लाकडी टेबलांवर आम्लाचे जुने डाग आहेत, नळांना चोची आहेत आणि प्रत्येक बाटलीवर नाव आहे. प्रॅक्टिकलच्या सरांना मुलं ब्युरेट सर म्हणतात. ब्युरेट म्हणजे उंच, सडपातळ, आकडे लिहिलेली काचेची नळी, खाली तोटी असलेली. सरही तसेच उंच आणि बोलणंही थेंबथेंब. त्यांनी आल्या आल्या एकच नियम सांगितला: कुठल्याही भांड्यात नाक खुपसायचं नाही. गेल्या वर्षी एकाने खुपसलं होतं, त्याला घरी न्यायला वडील आले म्हणे.

सध्या टायट्रेशन शिकतोय. फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात इंडिकेटर नावाच्या द्रवाचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या ब्युरेटमधून अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचं द्रावण, थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपलं की पुढच्या एका थेंबाने सगळं पाणी गुलाबी होतं. तो थेंब ओळखला की किती आम्ल होतं ते गणिताने निघतं. एका थेंबाने सगळं पालटतं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. फक्त माझं पाणी काही वेळेवर पालटत नाही. माझ्या टेबलावर एक मुलगी आहे, सतत हातात चिमटा धरून फिरते म्हणून तिला चिमटी म्हणतात. ती झालं, झालं म्हणते तेव्हा माझ्यापुढे साधं पाणी असतं. मी सोडत राहतो, आणि शेवटी रंग दिसतो तेव्हा रीडिंग पार डोक्यावरून गेलेलं असतं. सर म्हणाले की मी धांदरट आहे. घरचा आहेर इथेही मिळाला म्हणायचा.

मामीला नमस्कार. ओव्हन आणि तू, दोघंही तापून असालच. लोभ थेंबथेंब नको, भरभरून असू द्यावा.

तुझा,
प्रश्नोबा


बेकरी,
२२ जुलै

चि. प्रश्नोबास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. रडकं नाही, पण शाईचे डाग पाहता धांदरट हा शब्द सरांनी विचार करून वापरलेला दिसतो. अर्ध्या सायकलचा छडा लागला की कळव, मामीला रात्रंदिवस तीच चिंता लागली आहे.

आता तू शास्त्रज्ञ होणार आहेस तर माझं एक काम कर. गेल्या आठवड्यात मामीने केकसाठी सोड्याचं पाणी केलं आणि घाईत व्हॅनिलाचं एसेन्स त्यातच ओतलं. वास जवळजवळ नाहीसाच झाला. मी नाक लावलं, मामीने लावलं, नाममात्र. मला वाटलं बाटलीच खोटी निघाली. तसाच एप्रन न सोडता एसेन्सवाल्याकडे गेलो आणि त्याची चांगली हजेरी घेतली. त्याने शांतपणे बूच उघडून बाटली माझ्या नाकाखाली धरली. घमघमाट सुटला होता. मी हात हलवत परत आलो. इकडे मामीने वैतागून त्याच भांड्यात लिंबू पिळलं होतं. पाणी फसफसलं आणि व्हॅनिलाचा वास परत हजर! एसेन्सवाला आता मला बघून दुकानाच्या आत जातो. तर सांग, मधल्या वेळात वास गेला कुठे होता?

तुझ्या गुलाबी पाण्याचं वाचून मला हसू आलं आणि थोडं आलं नाही. मला असल्या फिक्या रंगांचं कधी काही कळलं नाही. मोजेसुद्धा मामी जोडी लावून ठेवते, नाहीतर माझे दोन पाय दोन घरचे दिसतात. लहानपणी ताई, म्हणजे तुझी आई, माझ्या रंगखडूंवर कागदाची चिठ्ठी चिकटवून नावं लिहून द्यायची. तुझ्याही पेटीला तिने तसंच केलं होतं, मला आठवतं. तिला सवयच लागली होती.

तब्येतीस जप. वासाचं उत्तर दिल्याखेरीज सुट्टीत इकडे यायचं नाही, लोभ तेवढा आत्ताच घेऊन ठेव.

तुझा,
मामा


वसतिगृह,
९ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हसतमुख नाही. परत पाठवायचं असेल तर वाचून मग पाठव.

गेल्या प्रयोगाला आम्ही ज्योतीत निरनिराळे क्षार धरत होतो. तांब्याच्या क्षाराने ज्योत हिरवी होते. मी वहीत पिवळट लिहिलं. पुढच्या क्षारालाही पिवळट लिहिलं, तो निघाला लाल. चिमटी आधी हसली, मग हसायची थांबली. तिने मला खिडकीपाशी नेलं आणि तिच्या ओढणीवर नक्षी कसली आहे असं विचारलं. मी म्हणालो, नक्षी कुठे आहे. तिने तिथे हिरव्या कापडावर लाल फुलं असल्याचं सांगितलं.

तिनेच सरांना सांगितलं. मला तिचा राग आला होता, आता नाही. सरांनी मला डॉक्टरांकडे नेलं, स्वतः, दुपारचा डबा सोडून. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली. सरांना प्रत्येक चित्रात आकडा दिसत होता आणि मला नुसते ठिपके. लाल आणि हिरवा मला नीट वेगळे दिसत नाहीत, जन्मापासून. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, तिला स्वतःला काहीही न होता. डॉक्टर हे अगदी सहज बोलून गेले.

विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. त्या चांगल्या आहेत, म्हणूनच जास्त लागलं. पुढच्या वर्षी तर सगळी ओळख रंगांवरच असते, तेव्हा सत्र संपायच्या आत गणिताकडे जा, असं त्या समजावत होत्या. सरांनी मध्ये पडून एवढं मिळवलं की सत्राच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर टायट्रेशन होईल, त्यात माझं रीडिंग बरोबर आलं तर मी रसायनात राहायचं. नाहीतर गणित. मामा, मला गणित येतं, पण त्यासाठी सकाळी उठावंसं वाटत नाही. प्रयोगशाळेसाठी मी गजराच्या आधी उठतो. मला इथेच राहायचं आहे.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे मला हे इतकी वर्षं कळलं कसं नाही. मग तुझी चिठ्ठ्यांची गोष्ट आठवली. मी पानं रंगवताना हिरवा बघतच नव्हतो, हिरवा वाचत होतो. शाळेत चित्राला बक्षीससुद्धा मिळालं होतं. आईला काही सांगू नकोस. तिला आईकडून आलं एवढंच ऐकू येईल.

आणि तुझे मोजे? एवढं तरी खरं सांग.

लोभ कमी होणार नाही, याची खात्री तूच दे.

तुझा,
प्रश्नोबा


बेकरी,
१६ ऑगस्ट

चि. प्रश्नोबास,
अ. उ. आ.

पत्र परत पाठवत नाही, ठेवून घेतलं. मामीने दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तुझ्यासाठी बिस्किटं करायला उठली.

हो, मलाही तसंच आहे. त्याला काही नाव असतं, हे मला मामीशी लग्न झाल्यावर कळलं. तोवर मी समजत होतो की लोक रंगांच्या बाबतीत उगाच फार बडबड करतात. बेकरीच्या आधी मी एका रंगाच्या दुकानात डबे कालवायला लागलो होतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. एका गिऱ्हाइकाने दारासाठी तपकिरी मागितला. मी दिलेला त्याने दाराला लावला आणि दार घेऊनच दुकानात आला. दार हिरवंगार होतं. मालकाने मला त्याच दारातून बाहेर काढलं, असं मी पुढे मामीला हसत सांगायचो. तेव्हा मला हसू आलेलं नव्हतं, तुला आज जसं येत नाही तसंच.

मग बेकरीत कामाला लागलो. तिथल्या ओव्हनचा आतला दिवा कायमचा गेलेला होता. सगळेच वासावर पाव काढायचे, मीही काढायला शिकलो. कच्च्या पिठाचा वास आधी आंबूस असतो, मग गोडसर होतो, मग भाजका. भाजका लागला की काढायचा, उलटा करून बुडावर टिचकी मारायची. सालीचा रंग कसा झाला आहे ते मला आजही गिऱ्हाईक सांगतं. नाक मात्र दमतं. एकच वास घेत राहिलं की पाचव्या खेपेला काही कळेनासं होतं. म्हणून मी मध्येमध्ये मागच्या दारात जाऊन आपल्याच बाहीचा वास घेतो. मग नाक पुन्हा कोरं होतं. मामी याला माझे चाळे म्हणते.

तुझ्या परीक्षेला याचा काही उपयोग आहे असं नाही. मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, धीर कसा देतात तेही नीट येत नाही. पण गणिताकडे जायचं असेल तर आधी माझ्या व्हॅनिलाचं उत्तर देऊन जा. गणितवाले ते देऊ शकणार नाहीत. एसेन्सवाला अजून माझ्याकडे बघत नाही रे.

ताईला मी काही बोलणार नाही. तिच्यापासून काही लपवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली आहे आणि मला ते जड जातंय.

लोभाची खात्री मागतोस, कान धरायला हवा तुझा. आहे, राहील.

तुझा,
मामा


वसतिगृह,
२७ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने नुसती खुशालीची कार्डं पाठवली, रागावू नकोस. सांगण्यासारखं होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज सगळं एकदम सांगतो.

आधी तुझं उत्तर. वास कुठेही गेला नव्हता, पाण्यातच बांधून पडला होता. आपल्याला वास येतो तो वस्तूचे कण हवेत उडून नाकापर्यंत येतात म्हणून. व्हॅनिलाचा जो वासाचा पदार्थ आहे तो स्वतः एक अशक्त आम्ल आहे. सोडा हा अल्कलीच्या जातीचा. त्याने त्या पदार्थातला हायड्रोजन काढून घेतला की त्याचा क्षार होतो, तो पाण्यात विरघळून बसतो आणि उडूच शकत नाही. मामीने लिंबू पिळलं, म्हणजे आम्ल घातलं. हायड्रोजन परत मिळाला, वास मोकळा झाला. एसेन्सवाल्याची माफी माग.

हे पुस्तकात सापडलं तेव्हा मी ग्रंथालयात उभाच राहिलो. आम्ल असेपर्यंत वास असतो आणि अल्कली झाली की जातो, म्हणजे व्हॅनिला हाच इंडिकेटर की! गुलाबी बघायची गरजच काय? आम्लात व्हॅनिला घालायचं, वरून अल्कली सोडायची आणि वास गेला की थांबायचं. मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाक खुपसायचं नाही या त्यांच्या नियमाकडे बोट दाखवलं. माझं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणच बोलावलं. आम्ल अगदी पातळ घ्यायचं, नाक दूर ठेवायचं आणि हाताने हवा नाकाकडे लोटायची, अशी अट घालून परवानगी दिली. नियमाच्या पाटीखालीच आमचा प्रयोग चालला होता.

पहिले कितीतरी दिवस सगळं फसलं. वास हळूहळू कमी होतो, गेला कधी ते कळत नाही, आणि थोड्या वेळाने तर मला नळाच्या पाण्यालाही व्हॅनिलाचा वास येऊ लागला. चिमटी गुलाबी रंगावर माझं उत्तर तपासायची आणि दर वेळी मान हलवायची. मग तुझे चाळे आठवले. दर थोड्या थेंबांनंतर खिडकीत जाऊन बाहीचा वास घ्यायचो. हळूहळू माझं आणि चिमटीचं रीडिंग शेजारी शेजारी येऊ लागलं.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस मी मफलर गुंडाळून फिरलो. सर्दी झाली असती तर सगळं मुसळ केरात. वसतिगृहात मला आजोबा म्हणायला लागले.

बाहेरच्या परीक्षक एक वयस्क बाई होत्या, चेहऱ्यावरची माशी न हलणाऱ्या. मी खिडकीकडे निघालो तेव्हा त्यांनी कुठे चाललास म्हणून विचारलं. नाक कोरं करायला, असं उत्तर माझ्या तोंडून गेलं. त्या मागोमाग खिडकीपाशी आल्या. शेवटच्या काही थेंबांना मी एक थेंब सोडायचो, हवा लोटायचो, आणि त्याही माझ्या शेजारी हवा लोटायच्या. मी थांबलो. त्यांनी अजून थोडा वेळ वास घेतला, मग माझं रीडिंग स्वतः वाचलं. बरोबर आलं होतं. वास का जातो हे त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना अख्खं लिंबू सांगितलं, मामीसकट.

मग त्यांनी ज्योतीच्या रंगांचं विचारलं. तिथे नाकाने काय करणार? मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा त्या पहिल्यांदा जरा हसल्या. ज्योतीचा उजेड काचेच्या लोलकातून नेऊन पाहिला तर प्रत्येक क्षाराच्या वेगळ्या उजळ रेघा दिसतात, आणि प्रत्येक रेघेची जागा ठरलेली असते. रंग ओळखता आला नाही तरी जागा मोजता येते, असं त्या म्हणाल्या. मामा, रंगाला जागा असते! मी तेव्हापासून दुसरं काही बोलत नाहीये. पुढच्या वर्षी ते उपकरण हाताळायला मिळेल, कारण मी रसायनातच राहतोय. विभागप्रमुख बाईंनी आज सही केली.

एक कबूल करतो. आईला मी काही सांगितलं नाही, पण माझी जुनी रंगपेटी घरात आहे का, एवढं मात्र मागच्या पत्रात विचारलं होतं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

मामीला नमस्कार. सुट्टीत येतो, उत्तर दिलेलं असल्यामुळे लोभ हक्काने मागतो.

तुझा,
प्रश्नोबा


घर,
४ नोव्हेंबर

चि. प्रश्नोबास आणि चि. धाकट्यास,
दोघांनाही अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहिते आहे, शब्दाला शब्द सारखं. एक वसतिगृहात जाईल, एक बेकरीत. तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून एक गोष्ट लपवलीत, तर मी दोघांना मिळूनच उत्तर देणार.

रंगपेटी आहे का असं विचारलंस, तेव्हा मी माळ्यावरून ती खाली काढली. पेटी उघडली, चिठ्ठ्या वाचल्या आणि जिथल्या तिथे बसले. धाकट्याला रंग कळत नाहीत हे मला लहानपणीच कळलं होतं. त्याचे शेजारच्या पोरांनी हाल करू नयेत म्हणून मी त्याच्या खडूंना चिठ्ठ्या लावायची. पुढे तुला पेटी आणली तेव्हा तुझ्याही खडूंना लावल्या. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलंही नाही. आपल्या घरात खडू असेच द्यायचे असतात, एवढंच डोक्यात होतं. तू काही चुकतच नव्हतास, मग मी बघू कशी?

मग मी बेकरीत फोन केला. धाकट्याने आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, त्यावरूनच मला सगळं समजलं. मामीने बाकीचं सांगितलं, खिडकी, बाही आणि लिंबू सगळं. मला वाईट वाटलं, अर्धा दिवस. डॉक्टर म्हणाले ते खरं असेल, माझ्याकडूनच आलं असेल. मग तुझ्या रीडिंगचं आठवून मी एकटीच हसले आणि कामाला लागले. तुझी चिकाटीही माझ्याकडूनच आली असं मी धरून चालते, डॉक्टरांना विचारायला नको.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे आणि तो जाता जात नाही. मी तुम्हा दोघांना पान कुठल्या खडूने रंगवायचं ते आयुष्यभर सांगत आले. तुम्हाला ते कसं दिसतं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. दोघांना सारखंच दिसतं का? माझ्या भावाला आणि माझ्या मुलाला जे दिसतं ते मला एकदाही दिसलेलं नाही, आणि मला ते बघायचंय.

म्हणून प्रत्येकाला एक नवी रंगपेटी पाठवते आहे. खडूंवर छापलेली नावंही मी सोलून काढली आहेत, नखं दुखली. दारातलं एक ताजं पान तोडा, समोर ठेवा, आणि डोळ्यांना जो खडू त्याच्यासारखा वाटेल त्याने ते कागदावर रंगवा. चिमटीला किंवा मामीला विचारायचं नाही. एकमेकांनाही दाखवायचं नाही, आधी दोन्ही कागद माझ्याकडे आले पाहिजेत. खडूचं नाव लिहू नका. नावं मला माहीत आहेत.

कागदांची वाट बघते आहे, लोभ सांगायला नकोच.

तुझी आई, आणि तुझी ताई